पोटगी महिन्याची चालू ठेवावी की एकरकमी घेऊन मोकळं व्हावं?

गोदाकाठची | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

मी परभणी जिल्ह्यातली. लग्न २००५ ला, मुलगी २००८ ची. २०१३ ला कोर्टानं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी लावली, मला साडेतीन हजार आणि मुलीला दीड. २०१५ ला घटस्फोट झाला. ती केस त्यांनीच टाकली होती. पोटगीचा आदेश मात्र तसाच चालू राहिला. तेव्हा पाच हजारांत खोलीचं भाडं, किराणा आणि शाळेची फी बसायची. आज मुलगी लातूरला बारावीला आहे, नीटची तयारी करते. तिच्या होस्टेलचं भाडंही त्यात निघत नाही. बारा वर्षांत रक्कम एका रुपयानं वाढली नाही. मी घरी पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवते, महिन्याला सहा-सात हजार सुटतात.

माझ्याकडं एक शंभर पानी वही आहे. महिन्याला एक ओळ, तारीख, रक्कम आणि पैसे कसे आले ते. आधी कोर्टात भरायचे, मग कुणाच्या तरी हाती पाठवायचे, नंतर फोनपे. ऑक्टोबर २०२४ पासून ओळीत नुसतं महिन्याचं नाव आहे, पुढं कोरं. अशा चौदा ओळी झाल्यात.

आता त्यांच्या चुलत्यांनी निरोप आणलाय. सात लाख एकदाच घे, कोर्टात लिहून दे, दोघंही मोकळे. त्यांची नऊ एकर जमीन आहे, कृषी सेवा केंद्र आहे. रस्त्याला लागून असलेली तीन एकर विकायची आहे म्हणे. भाऊ म्हणतो घे. आई म्हणते घे. मुलगी काहीच बोलत नाही. बारा वर्षं दर महिन्याच्या १० तारखेला मी फोनकडं बघत बसते. त्याचा लई कंटाळा आलाय, हे खरं. काय करावं?

मांजराकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०२

घेऊन टाका ताई. चौदा महिने थकवणारा माणूस पुढं नियमित देईल असं वाटतं का तुम्हाला?

तूरडाळ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.३१

मी लातूरच्या मोंढ्यात हिशेब लिहितो, म्हणून आधी आकडा मांडतो. सात लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकले, तर सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला साधारण ४,३१६ रुपये येतात. म्हणजे आज कागदावर असलेल्या पाच हजारांपेक्षाही कमी, आणि तेही मुद्दलाला हात न लावता. मुलीच्या ॲडमिशनला त्यातले दोन लाख काढले, की व्याज तीन हजारांवर येतं. शिवाय तो ५,००० चा आकडा २०१३ चा आहे. सात लाख म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या रकमेवर कायमचा शिक्का. आधी रक्कम वाढवून घ्या, मग एकरकमीचं बोला.

आणि रस्त्याकडंची तीन एकर म्हणताय. तिचा भाव काढा. मग सात लाख कुठून आले ते कळेल.

बालाघाटची | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

माझं सांगते. २०११ ला गावच्या पंचांसमोर फारकत झाली. शंभराच्या बॉन्डवर लिहिलं, चार लाख मिळाले. तेव्हा ते डोंगराएवढे वाटले. वडिलांच्या खात्यात ठेवले, कारण माझं खातंच नव्हतं. दोन वर्षांत भावानं ट्रॅक्टर घेतला. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चांगला चालला, मग बिघडला, मग विकला. घरात मला कुणी वाईट बोललं नाही. जेवण मिळालं, साडी मिळाली. पण माझे चार लाख कुठं आहेत असं विचारायची सोय राहिली नाही. आज मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते.

ताई, "भाऊ म्हणतो घे" हे वाचलं आणि रात्रभर झोप नाही लागली. तुमचा भाऊ चांगला असेल, माझाही चांगलाच आहे. पैसे घ्यायचे तर ते तुमच्या एकटीच्या नावावर राहिले पाहिजेत. नसता नका घेऊ.

मांजराकाठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.०४

बालाघाटची ताई, माफ करा. मी घाईनं लिहून गेलो. हे डोक्यात नव्हतं आलं.

वाळूजकर | १३ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मी देणाऱ्या बाजूचा आहे. शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण आधी ऐका.

छत्रपती संभाजीनगरला, वाळूजच्या एका कंपनीत होतो. पोटगी ९,०००. चार वर्षं एक महिना चुकवला नाही. मग कोरोनाच्या वर्षी काम गेलं. मी काय केलं, तर काहीच नाही. कोर्टाला कळवलं नाही, वकिलाला फोन केला नाही. पैसेच नाहीत तर कोर्ट काय करणार, असं वाटायचं. तिच्या वकिलानं दर अकरा महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकला. २६ महिन्यांचे २ लाख ३४ हजार झाले. एक दिवस सकाळी पोलीस वॉरंट घेऊन दारात. आई चूल पेटवत होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. महिनाभर आत होतो. बाहेर आल्यावर मला वाटलं फिटलं. वकील म्हणाले, नाही, आत बसल्यानं देणं फिटत नसतं, २ लाख ३४ हजार जसेच्या तसे आहेत.

नंतर रक्कम कमी करायचा अर्ज केला. कोर्टानं माझं म्हणणं मानलं आणि ६,००० केले, पण अर्जाच्या तारखेपासून पुढं. मागचं सगळं नऊच्या हिशेबानं. काम गेलं त्याच आठवड्यात अर्ज केला असता, तर सत्तर-पंच्याहत्तर हजार वाचले असते. देणाऱ्या भावांनो, पैसे बंद करू नका, अर्ज करा. आणि ताई, तुमच्या माजी नवऱ्यालाही हा रस्ता मोकळा होता. दुकान बंद पडलं असतं किंवा शेत बुडालं असतं, तर कोर्टाला सांगता आलं असतं. तो चौदा महिने गप्प बसला. त्याचा अर्थ तुम्ही लावा.

करडई | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.४८

शेत बुडालंच आहे की. सप्टेंबरच्या पावसानं आमच्या धाराशिवकडं सोयाबीन उभ्याचं सडलं, कैक जागी मातीसकट वाहून गेलं. जे हाती लागलं ते काळं पडलेलं. हमीभाव ५,३२८ कागदावर, मोंढ्यात त्याच्या खाली मागूलालेत. नऊ एकरवाला सुखात असतो असं कुणी समजू नये. मी ताईंच्या विरोधात नाही, पण शेतकऱ्याच्या हातात दर महिन्याला पैसा येतच नाही. वर्षातून दोनदा येतो, तोही आला तर. दर महिन्याची पोटगी नोकरदाराला जमते.

गोदाकाठची | १३ नोव्हेंबर, रात्री ८.५५

करडईभाऊ, खरं आहे. आमच्याकडंही नदी शेतात आली होती. पण थकबाकी ऑक्टोबर २०२४ पासूनची आहे, यंदाच्या पावसाच्या आधीची. आणि वर्षातून दोनदा दिले असते, तरी मी वहीत दोन ओळी लिहून समाधानानं राहिले असते.

काळा_कोट | १३ नोव्हेंबर, रात्री ११.१०

वकिली करतो, मराठवाड्यातच. ताईंनी दिलेल्या तारखांवरून सांगतो.

सगळ्यात आधी थकबाकी. वॉरंट काढून वसुली करायची असेल तर रक्कम ज्या दिवशी देय झाली तिथून एक वर्षाच्या आत अर्ज लागतो. देय तारीख १० धरली, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ चे दोन हप्ते या मार्गानं हातचे गेले. ते माफ झाले असं नाही, तडजोडीत जरूर मागा. पण डिसेंबर २०२४ चा हप्ता १० डिसेंबरला वर्षाचा होईल. म्हणजे जवळपास चार आठवडे आहेत. चुलत्यांच्या निरोपाला उत्तर द्यायची घाई करू नका, या अर्जाची करा. "बोलणी चालू आहेत" म्हणत म्हणत महिने गळतात, हे मी दर आठवड्याला बघतो.

दुसरं, रक्कम वाढवणं. जुन्या १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. बदलाचं १२७ होतं ते १४६ झालं, अंमलबजावणीचं १२८ ते १४७. तुमचा जुना आदेश जिवंत आहे. घटस्फोटित स्त्री पुन्हा लग्न करत नाही तोवर या कलमात "पत्नी"च धरली जाते. परिस्थिती बदलली की वाढ मागता येते. बारा वर्षांची महागाई आणि मुलीचं शिक्षण यापेक्षा वेगळा बदल काय असतो?

तिसरं इथं कुणी बोललं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी घटस्फोटाच्या वेळीच मागावी लागते असं नाही, नंतरही मागता येते. घटस्फोट ज्या कोर्टानं दिला तिथं अर्ज करायचा. त्या कलमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. गरज असेल तर कोर्ट ही रक्कम समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करू शकतं. तीन एकर विकायला काढली आहे ना? मग बोजाची आणि विक्रीला मनाईची मागणी विक्रीच्या आधीच झाली पाहिजे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लागली, की घेणारा आधी तुमच्याकडं येतो. आधीच्या आदेशाची माहिती मात्र अर्जात द्यायचीच. ती रक्कम नव्या रकमेत धरली जाते.

दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात ठरवून दिलंय. तिथं त्याची नऊ एकर, दुकान, बँकेची खाती सगळं यावं लागेल. सातबारा आणि ८-अ तुम्ही आधीच काढून ठेवा.

आणि मुलीचा दीड हजार तुमच्या सात लाखांत मिसळू देऊ नका. तो हक्क तिचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. अठरा पूर्ण झाली की १२५ च्या आदेशातली तिची रक्कम थांबेल. पण अविवाहित मुलीला दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० खाली बापाकडं स्वतः मागता येतं. २०२० ला सर्वोच्च न्यायालयानंही हे सांगितलंय.

खामनदी | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.२७

पण सगळा भार पुरुषावरच का? माझ्या मित्राची बायको सरकारी नोकरीत आहे आणि पोटगी तो देतोय.

काळा_कोट | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

तुमच्या मित्रानं तिच्या पगाराचा पुरावा ठेवून अर्ज केलाय का? हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ (केस चालू असतानाची पोटगी) आणि २५ दोघांनाही आहे, नवऱ्यालाही. नांदेडच्या कोर्टानं शिक्षिका असलेल्या पत्नीला माजी पतीसाठी दरमहा ३,००० अंतरिम पोटगी लावली होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२२ ला तो आदेश कायम ठेवला. शाळेनं तिच्या पगारातून दरमहा ५,००० कापून थकबाकी भरावी, हेही कायम राहिलं. संहितेचं १४४ मात्र पत्नी, मुलं आणि आई-वडील यांच्यासाठीच आहे.

अंजनेरी_बोर | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

माझ्या शेजारणीला घरचे म्हणाले की आपल्यात हे कलम लागत नाही, इद्दतपुरतंच, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक काळापुरतंच मिळतं. ती मुस्लिम आहे. खरं काय?

काळा_कोट | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.५२

लागतं. शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम बाईला १२५ खाली पोटगी देणारा निकाल १९८५ चा. नंतर १९८६ चा वेगळा कायदा आला, त्यावरून बराच गोंधळ झाला. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही १२५ खाली दाद मागता येते. तिला बिनधास्त जाऊ द्या.

निवृत्त_नाझर | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

मी ३१ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीच पैशाच्या खिडकीवर. पोटगी भरायला येणारा माणूस आणि घ्यायला येणारी बाई एकमेकांना टाळून वेळ साधायचे. हा साडेअकराला, ती तीननंतर. एक आजी दर महिन्याला पावतीवर अंगठा द्यायच्या आणि मला विचारायच्या, "त्याची तब्येत बरी दिसत होती का?" मी "हो" म्हणायचो.

दोन कामाच्या गोष्टी. देणाऱ्यानं फोनपे करताना शेऱ्यात "पोटगी, नोव्हेंबर २०२५" असं महिन्यासकट लिहावं. नुसते पैसे पाठवले, की नंतर ते उसने होते, मुलीच्या वाढदिवसाचे होते, असले वाद दोन्हीकडून होतात. हातात रोख तर देऊच नये. घेणारीनंही मिळालेलं नाकारू नये. नोकरदार असेल तर पगारातून थेट कपात मागा. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश सोडून बाकीवर जप्ती येऊ शकते.

आणि गोदाकाठची बाई, ती शंभर पानी वही जपा. अशा वहीवर उलटतपास टिकलेला मी बघितलाय.

तूरडाळ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.०३

नाझरसाहेब, ते आजींचं वाचून वही मिटून बसलो थोडा वेळ.

बालाघाटची | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

वकीलसाहेब, माझ्या त्या बॉन्डचं काय? चौदा वर्षं झाली.

काळा_कोट | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३६

ताई, पंचांसमोरची फारकत समाजात तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं तरच कायदा मानतो. नाहीतर तुमचं लग्न कायद्यानं अजून आहे. दोन्ही बाबतींत दार बंद नाही. हक्क सोडला असं आपसात लिहून दिलं म्हणून पोटगीचा हक्क मरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानंही म्हटलेलं आहे. मिळालेले चार लाख कोर्ट हिशेबात धरेल, एवढंच. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन लावला तरी चालतो. बॉन्डची झेरॉक्स, आधार आणि लग्नाचा एखादा फोटो घेऊन जा. सोमवारीच जा.

करडई | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.५८

बालाघाटची अक्का, कापूस एक दिवस राहू द्या. जाच.

वाळूजकर | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

ताईंचा मूळ प्रश्न मागं पडला. माझं मत सांगतो. एकरकमी वाईट नाही. मला आज कुणी तो रस्ता दिला तर मी जमीन गहाण ठेवून घेईन, कारण दर महिन्याला ती जखम उघडते. घेणाऱ्याचीही उघडत असणार. फक्त रक्कम कोर्टात ठरावी आणि न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्ट हातात यावा. अर्धे आत्ता, अर्धे जमीन विकल्यावर, असलं मान्य करू नका.

काळा_कोट | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

पूर्ण सहमत. आणि महिन्याचीच ठेवायची ठरली, तर वाढ आदेशातच लिहून मागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात दरमहा ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिलाय. आकडा आपल्या उपयोगाचा नाही, पण वाढीची पद्धत आहे. नाहीतर आणखी बारा वर्षांनी पुन्हा इथंच याल.

गोदाकाठची | ९ डिसेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांना सांगायला आले.

१ तारखेला वसुलीचा अर्ज पडला. बारा महिन्यांचे साठ हजार. त्याच दिवशी वाढीचाही. विधी सेवाच्या वकील बाई मिळाल्या. तरुण आहेत, पण वही पानापानानं वाचली, माझ्या शिलाईचं बिलबुकसुद्धा मागून घेतलं. कलम २५ चा अर्ज, बोजा आणि मनाईच्या मागणीसह, ५ तारखेला दिला. सातबारा काढला तर नऊ नाही, साडेअकरा एकर निघाली. अडीच एकर २०१९ ला घेतलेली आहे. मला पाच हजार द्यायला जड जात होते त्याच वर्षी.

नोटीस गेल्यावर तिसऱ्या दिवशी चुलते पुन्हा आले. चहा घेतला. म्हणाले, अकरा करू, पण ते बोजाचं काढून घे. मी म्हणलं, मामा, आता जे बोलायचं ते कोर्टातच बोलू, वकील बाईंसमोर. भाऊ जवळच उभा होता. तो काही बोलला नाही, पण ते गेल्यावर म्हणाला, तुझं खातं पोस्टात उघडून येऊ चल. गेलो. पासबुकावर माझं एकटीचंच नाव आहे.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती इतके दिवस का बोलत नव्हती ते परवा कळलं. तिला वाटत होतं की सात लाख मी तिच्या ॲडमिशनसाठी घेतेय आणि नंतर म्हातारपणी माझ्याकडं काही उरणार नाही. ती म्हणाली, आई, माझं मी मागीन त्यांच्याकडं, अठरा झाल्यावर, माझ्या सहीनं.

पुढची तारीख १९ जानेवारी आहे, शपथपत्रासाठी. बालाघाटची ताई, तुम्ही गेलात का?

बालाघाटची | १० डिसेंबर, सकाळी ७.०५

गेले ताई. दोनदा हेलपाटा झाला, तिसऱ्यांदा काम झालं. बॉन्डची मूळ प्रत वडिलांच्या ट्रंकेत सापडली, कडेनं वाळवी लागलेली, पण सह्या दिसतात. भावानंच शोधून दिली. माझीही तारीख जानेवारीतच आहे, २१.